पद्धत बेतताना

प्रोजेक्ट नवा असला की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, स्क्रमच करायचं ना? मला त्याआधीचं उत्तर हवं असतं. यात चूक राहिली तर कुणाचं काय जाईल? ॲलिस्टर कोबर्न यांनी आपल्या ‘क्रिस्टल’ पद्धती याच हिशेबाने बेतल्या. टीममध्ये माणसं किती, आणि चुकीने काय जातं: थोडी सोय, सोसतील एवढे पैसे, न सोसणारे पैसे, की जीव.

माझ्या टीमकडे इन्फ्युजन पंपाचं सॉफ्टवेअर आहे. पेशंटच्या शिरेत औषध किती वेगाने जावं, ते हा पंप सांभाळतो. अशा पंपांमध्ये ‘की बाउन्स’ नावाचा दोष आढळलेला आहे: नर्स बटण एकदाच दाबते, सॉफ्टवेअर ते दोनदा धरतं. ताशी ५ मिलिलिटरचे ५५ व्हायला तेवढं पुरतं. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे इन्फ्युजन पंपांच्या वापराशी संबंधित त्रासाचे सुमारे ५६ हजार अहवाल आले होते. म्हणून बटण वाचणाऱ्या कोडची एक ओळ जरी बदलली, तरी आमच्याकडे ती दोघं तपासतात. ती कोणत्या रिक्वायरमेंटसाठी आहे आणि कोणत्या टेस्टने पारखली, याची नोंद होते. काम कंटाळवाणं आहे खरं, पण ते मी कुणालाही टाळू देत नाही.

पंपाच्या नोंदी वाचून पीसीवर रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅमही आम्हीच लिहितो. त्यालाही हेच सगळं लावा, असा आग्रह असतो. मला तो धोक्याचा वाटतो. रिपोर्टच्या फॉन्टसाठीही दोन सह्या लागल्या की सही करणारा वाचेनासा होतो, आणि तेच थकलेले डोळे मग पंपाच्या कोडवरून फिरतात. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचं आयईसी ६२३०४ हे मानकही सगळ्यांना एका मापात बसवत नाही. मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकत असेल तर वर्ग ‘सी’. इजा संभवतच नसेल तर ‘ए’, आणि ‘ए’ला तपशीलवार डिझाइन लिहिण्याची सक्ती नाही. रिपोर्टचा प्रोग्रॅम ‘ए’मध्ये बसतो, त्यामुळे त्याचं काम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, मोजक्या कागदांवर चालतं.

आता पुढच्या आवृत्तीत त्याच प्रोग्रॅममधून औषधांच्या मर्यादा पंपाला पाठवायची मागणी आली आहे. स्क्रीनवर एक बटण वाढेल, एवढंच दिसतं. पण आजवर पंपाकडून फक्त माहिती घेणारा प्रोग्रॅम आता पंपाला सूचना देणार, म्हणजे तो ‘ए’मध्ये राहू शकत नाही. कोडला हात लावण्याआधी धोक्यांचं विश्लेषण पुन्हा पहिल्यापासून करायचं, असं मी टीमला सांगितलं आहे.