गरज सरो

उकळून झालेल्या वर्टमधून हॉप्स गाळायचे ते कशासाठी? बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा तो गोड अर्क तासभर उकळतो. सुरुवातीला टाकलेल्या हॉप्समधली, म्हणजे एका वेलीच्या फुलांमधली, अल्फा आम्लं त्या उकळीत रूप पालटतात आणि कडूपणा देतात. शेवटच्या काही मिनिटांत टाकलेले हॉप्स वास देतात. मग आच बंद होते, आणि ज्यांनी चव दिली, वास दिला, त्यांचा हिरवा राडा पातेल्यात नकोसा होऊन बसतो. गाळणी हातात घेतली की मला ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आठवते आणि काम रेंगाळतं.

म्हण इथे शब्दशः लागू पडते, कारण हॉप्स खरोखरच वैद्य आहेत. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या जोगिणीने लिहून ठेवलं आहे की, या वेलीच्या कडूपणामुळे पेयं नासत नाहीत. याच वेलीने मन उदास होतं, असंही तिने नोंदवलं. आज आपल्याला माहीत आहे की, तो कडू अंश लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंची वाढ रोखतो. 1516 मध्ये बव्हेरियात बिअरचा नियम झाला, तेव्हा बार्ली आणि पाण्याच्या जोडीला फक्त हॉप्सचं नाव आलं.

पण ही म्हण नेमकी कुणाच्या तोंडची? बरा झालेला रोगी ती स्वतःबद्दल म्हणणार नाही. वैद्याने म्हटली तर तो उपकार मोजतो आहे असं वाटेल. म्हणजे ती पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाची असली पाहिजे, आणि तो तर आजारीही नव्हता आणि त्याने औषधही दिलेलं नव्हतं. माझे आजोबा कोकणात वैद्यकी करायचे. त्यांच्यासमोर कुणी ही म्हण उच्चारलेली त्यांना खपत नसे. रोगी मला विसरला याचा अर्थ तो बरा झाला, असं ते म्हणायचे. लहानपणी मला ते फार मोठं वाटायचं. आता वाटतं, विसरून गेलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि दुखणं त्यांना शेवटपर्यंत कसं पाठ होतं? त्यांनी सोडलं होतं की धरून ठेवलं होतं?

गाळण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे नियम पक्के होते. अरिष्ट करायचं तर आधी वनस्पतींची भरड उकळून काढा करायचा, तो फडक्याने गाळायचा, मग त्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून बरणीचं तोंड बांधायचं. म्हणजे आंबायला सुरुवात होण्यापूर्वीच मूळ औषध बाजूला झालेलं असायचं. आसवात तसं नाही. तिथे औषध न उकळताच गोड पाण्यात पडतं, आंबवण होईपर्यंत आतच राहतं आणि अगदी शेवटी गाळलं जातं. दशमूलारिष्ट आणि कुमारी आसव एकाच फळीवर असायचे, पण एकात निरोप आधी आणि दुसऱ्यात नंतर. घरी बिअर करणाऱ्यांचा वादही बरोबर याच जागी येऊन थांबतो. उकळीतले हॉप्स यीस्ट घालण्याआधी काढायचे हा अरिष्टाचा रस्ता. वासासाठी कोरडे हॉप्स आंबणाऱ्या बिअरमध्येच टाकायचे आणि मागाहून काढायचे हा आसवाचा. आजोबांनी हॉप्स पाहिले नव्हते, पण हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांच्याकडे निवळीच्या बियाही असायच्या. गढूळ पाण्याच्या मडक्यात आतून ती बी घासली की गाळ तळाशी बसतो. ‘आत्मबोध’ या वेदान्तावरच्या छोट्या ग्रंथात तिचाच दृष्टान्त आहे. ज्ञान अज्ञानाचा मळ घालवतं आणि नंतर स्वतःही नाहीसं होतं, निवळीची पूड मळाबरोबर तळाशी जाते तसं. ‘गरज सरो’ या तक्रारीला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. उरला तो वैद्य अपुरा. पण मग हेही पटत नाही, कारण तळाशी बसणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. मडकं हललं की गाळ वर येतो.

वर्टमध्येही सगळं तळाशीच चाललेलं असतं. मी राहते त्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला याकिमाचं खोरं आहे. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स तिथले. तिथली अख्खी फुलं वापरली की ती तळाशी थर धरतात आणि स्वतःच गाळणी होतात, वर्ट त्यांच्यातून निवळून खाली येतो. फुलं दळून दाबलेले पेलेट वापरले तर त्यांचा चिखल होतो आणि बारीक गाळणी लगेच तुंबते. तेव्हा वर्ट गोल ढवळून पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवायचा. गाळ कडेला न जाता मधोमध ढीग करून बसतो, चहाच्या पेल्यातली पत्ती ढवळल्यावर मधे येते तसाच. तळाशी घर्षणाने प्रवाह मंदावतो आणि आतल्या दिशेने वळतो, हे कारण आइन्स्टाइनने 1926 मध्ये नद्यांच्या वळणांबद्दल लिहिताना सांगितलं. ढीग बसला की कडेने स्वच्छ वर्ट काढून घ्यायचा. या रीतीत कुणी कुणाला गाळत नाही. ज्याने जायचं ते आपण होऊन मधे जाऊन बसतं. मला ती आवडते.

तरीही थोडा गाळ आत गेलाच पाहिजे, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांच्याकडे कारण आहे. त्या गाळात स्निग्ध अंश असतात, जस्त असतं, आणि वाढणाऱ्या यीस्टला दोन्ही लागतात. फार झाला तर चव बिघडते, पण अगदी नितळ वर्ट यीस्टला उपाशीही ठेवू शकतो. किती ठेवायचा हे मला पूर्वी स्पष्ट दिसत असे. आता नाही.

शिवाय ज्याला आपण चोथा म्हणतो, त्याची गरज तरी कुठे सरलेली असते? तासभर उकळूनही हॉप्समधल्या कडू अंशाचा साधारण तिसरा हिस्साच बिअरपर्यंत पोचतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाकीचा गाळात जातो, फेसाबरोबर जातो, चोथ्यात राहतो. आजोबा काढ्याचा चोथा माडाच्या बुंध्याशी टाकायचे. मीही हॉप्सचा चोथा खताच्या ढिगात घालते, पण वरून भरपूर माती ओढते आणि ढिगावर झाकण ठेवते. कुत्र्याने तो खाल्ला तर त्याच्या अंगात ताप झपाट्याने चढतो आणि काही तासांत जीवही जाऊ शकतो. ग्रेहाउंड जातीला हा धोका विशेष आहे. तुम्ही घरी बिअर करत असाल आणि अंगणात कुत्रं असेल, तर केव्हा गाळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गाळलेलं उघड्यावर टाकू नका.