रिपोर्ट नॉर्मल आहे!

‘अभिनंदन, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत!’

डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की तुम्ही-आम्ही काय करतो? हुश्श करतो, फाईल बगलेत मारतो आणि बाहेर पडून मस्त कटिंग मारतो. माझी आई मात्र हे वाक्य ऐकून रडायची. तीन वर्षांत तिने ते इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी तिला वाटायला लागलं, आपणच नॉर्मल नाही.

सुरुवात झाली २०१९ मध्ये, जळगावात. आई शाळेत शिक्षिका. शिकवता शिकवता अचानक चेहरा, मान, छाती लालबुंद व्हायची. दोन-चार मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखी. ‘मॅडम, तुम्ही रागावल्या का?’ असं पोरं घाबरून विचारायची. वय ५१. शेजारच्या काकूंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं निदान एकच, मेनोपॉज. हॉट फ्लशेस. होतं या वयात.

मग पोट बिघडायला लागलं. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब. धुळ्याला मामाकडे जायचं तर ही सकाळपासून उपाशी. जळगाव ते धुळे एसटीचा जेमतेम दोन-अडीच तासांचा रस्ता, पण एरंडोल आणि पारोळा स्टँडवरची स्वच्छतागृहं तिला तोंडपाठ झाली होती.

तपासण्या? सगळ्या झाल्या. सोनोग्राफी, थायरॉईड, एण्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सीटी स्कॅन. सगळं नॉर्मल. पोटाचे डॉक्टर म्हणाले, आयबीएस आहे. बायकांचे डॉक्टर म्हणाले, पाळी जातेय. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. एकाने तर मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडमना जरा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या.’

आणि मी? मी तेव्हा जळगावातच मास कॉम करत होते. जगाला प्रश्न विचारायचं शिक्षण घेत होते म्हणा ना! मी आईला म्हटलं, ‘आई, तू टेन्शन फार घेतेस. योगा कर.’ तिने फाईल कपाटात ठेवून दिली. मामाचा फोन आला की म्हणायची, ‘मी बरी शे.’ अहिराणीत खोटं बोलणं तिला सोपं जात असावं.

आता एक गोष्ट सांगते, जिची मला अजून लाज वाटते.

२९ एप्रिल २०२०. लॉकडाऊन. टीव्हीवर बातमी आली, मुंबईत इरफान खान गेला. वय अवघं ५३. आई त्याची जबरदस्त फॅन, ‘लंचबॉक्स’ तिने किती वेळा पाहिला असेल देव जाणे. ती रडत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, रडून झाला. मी लॅपटॉप उघडून एका पुरवणीसाठी त्याच्यावर लेख लिहायला बसले. १६ मार्च २०१८ ला त्याने आपला आजार जाहीर केला होता, न्यूरोएंडोक्राईन ट्यूमर. नावात ‘न्यूरो’ असलं तरी दर वेळी मेंदूचाच संबंध असतो असं नाही, हेही त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मी हे सगळं लिहिलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि लेख पाठवून दिला.

हाच आजार माझ्या मागे सोफ्यावर बसला होता. मी मान वळवून पाहिलं नाही.

पुढे दीड-दोन वर्षं अशीच गेली. मी पुण्याला आले, फ्रीलान्सिंग सुरू केलं. २०२२ च्या जानेवारीत धुळ्याला मामेबहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत. आईने दोन घास खाल्ले आणि चेहरा पेटला. समोरच्या पानावर मामाच्या गल्लीतले एक म्हातारे फिजिशियन बसले होते. ते जेवायचे थांबले.

‘ताई, असं लाल होताना घाम येतो का हो?’

आई गोंधळली. मग म्हणाली, ‘नाही. घाम कधीच नाही.’

‘उद्या दवाखान्यात या. फाईल नंतर बघू.’

तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मेनोपॉजच्या हॉट फ्लशमध्ये बहुतेक वेळा घाम येतो. आईची लाली कोरडी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं. कधी होतं, काय खाल्ल्यावर, किती मिनिटं, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, वजन किती उतरलं. मग फाईल चाळली. म्हणाले, ‘रिपोर्ट खोटे नाहीत. पण जिथे बघायला हवं तिथे कोणी बघितलंच नाही.’

कागदावर आतड्याचं चित्र काढून त्यांनी समजावलं. एण्डोस्कोपी वरून जठराच्या थोडं पुढपर्यंत जाते. कोलोनोस्कोपी खालून मोठं आतडं बघते. मधलं काही मीटर लांबीचं लहान आतडं दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहतं. तिथे जेमतेम सुपारीएवढी गाठ असेल तर आतड्याच्या वळणांत ती सीटीलाही चकवू शकते. काही गाठी सेरोटोनिनसारखी रसायनं रक्तात सोडतात. त्यातून लाली, त्यातून जुलाब. १९०७ मध्ये एका जर्मन डॉक्टरने अशा गाठींना ‘कार्सिनॉईड’ म्हणजे कॅन्सरसारख्या, असं नाव दिलं. सावकाश वाढतात म्हणून त्या बराच काळ निरुपद्रवी समजल्या गेल्या. त्या तशा नसतात, हे नंतर कळलं.

पहिली टेस्ट कोणती, माहितीय? लघवीची! चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची आणि त्यात ‘फाईव्ह एचआयएए’ नावाचा घटक मोजायचा. सेरोटोनिन वापरून झालं की शरीर ते या रूपात बाहेर टाकतं. पण टेस्टच्या आधी तीन दिवस काही पदार्थ बंद, कारण त्यांनी आकडा उगाच वाढतो. डॉक्टर यादी सांगायला लागले. अक्रोड, अननस, टोमॅटो... आणि केळी. आणि वांगी.

जळगावच्या माणसाला केळी आणि वांगी बंद! केळी आमच्या जिल्ह्याची ओळख. २०१६ मध्ये जळगावची केळी आणि भरिताची वांगी, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात भर जानेवारी, भरिताचा सीझन. आई म्हणाली, ‘मंग खाऊ काय?’ कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी पोट धरून हसलो. तो कॅन साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून, बादलीत बर्फ घालून बाथरूममध्ये ठेवला होता. बाबांनी चुकून पिशवी उघडली, तो किस्सा पुन्हा कधीतरी.

रिपोर्ट मुंबईहून आला. आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट. आयुष्यात पहिल्यांदा एक वाईट रिपोर्ट हातात धरून आई शांत बसली. म्हणाली, ‘म्हणजे मी नाटक करत नव्हते.’

मला काय बोलावं ते सुचेना. तिला नाटकी कोण म्हणालं होतं? शब्दांत कोणीच नाही. पण ‘टेन्शन घेऊ नकोस’चा अर्थ तिने बरोबर लावला होता.

पुढचा टप्पा मुंबई. तिथे एक वेगळा पेट स्कॅन झाला. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देतात. भराभर वाढणारी गाठ साखर ओढते आणि चमकते. आईची गाठ निवांत, साखरेची फारशी भूक नसलेली. तिथे तोही स्कॅन ‘नॉर्मल’ येऊ शकला असता! म्हणून गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा स्कॅन. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनसाठी जणू कुलपं असतात आणि डोटाटेट ही त्यांची किल्ली. किल्ली बसली की तिच्यासोबतचं गॅलियम चमकतं. पण हे गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं. मुंबईत बनवून रात्रीच्या गाडीने जळगावला पाठवलं तर पोचेपर्यंत काय उरणार? म्हणून माणसालाच तिथे जावं लागतं.

पडद्यावर लहान आतड्यात एक ठिपका चमकत होता. यकृतात तीन, अगदी बारीक.

ऑपरेशन झालं, आतड्याचा तो तुकडा काढला. यकृतातले ठिपके आहेत. दर २८ दिवसांनी एक इंजेक्शन असतं, त्याने लाली आणि जुलाब आटोक्यात आहेत. सेरोटोनिन हृदयाच्या झडपांना त्रास देतं, म्हणून टूडी इको करावा लागतो. उद्या गाठी वाढल्याच तर ल्युटेशियम-१७७ ची ट्रीटमेंट आहे. त्यात तीच किल्ली गाठीपर्यंत किरणोत्सर्ग घेऊन जाते. ते ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही ट्रीटमेंट दिली जाते. आई पूर्ण बरी झालेली नाही. पण शाळेत जाते, रागावते, आणि तेव्हा खरोखर रागावलेली असते.

आता हे वाचून लगेच स्कॅन बुक करायला धावू नका हं! चेहरा लाल होण्याची आणि पोट बिघडण्याची शंभर साधी कारणं असतात आणि हा आजार दुर्मीळ आहे. त्या डॉक्टरांचाही पहिला अंदाज चूक म्हणता येणार नाही. चूक पुढे झाली. औषधं लागू पडत नव्हती, वजन उतरत होतं, तरी अंदाज कोणी बदलला नाही. तुमच्या घरात असं काही चालू असेल तर एक वही करा. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती वेळ टिकलं. मोबाईलवर फोटो काढा, कारण डॉक्टरांसमोर नेमकं काहीच होत नाही. आणि नॉर्मल रिपोर्ट आला की नम्रपणे विचारा, ‘या तपासणीत काय दिसत नाही?’

मी आता पुण्यात. आई जळगावात. तिचा फोन येतो, ‘आज जरा पाय दुखतोय गं.’ जीभ सवयीने ‘टेन्शन घेऊ नकोस’पर्यंत येते. मी ती आवरते आणि विचारते, ‘कधीपासून?’

मग ती सांगते. मी ऐकते. बहुतेक वेळा खरंच काही नसतं.