परमिट रूममधली माणुसकी

शनिवार, रात्र

आज परळच्या एका जुन्या परमिट रूममध्ये बसलो होतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार इथे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. कागदावर तो नियम आजही आहे. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर इथलं गिरणगाव बदलत गेलं, टॉवर आले. पण असे बार अजून टिकून आहेत.

बसताच वेटरने उकडलेले चणे आणि काकडी ठेवली. क्वार्टरचं सील गिऱ्हाइकासमोरच फोडलं. विश्वास इथे असा डोळ्यांदेखत कमवावा लागतो. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचं, एक नाइन्टी तासभर पुरवली तरी कोणी उठवत नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याने आणखी एक मागवली, तेव्हा वेटर हळूच म्हणाला, “काका, आज बास. अंडाभुर्जी-पाव सांगतो, जेवून घ्या.” काकांनी ऐकलं.

धंद्याचं नुकसान सोसून माणसाला जपणं, हीच मला खरी सेवा वाटते. महागड्या हॉटेलांत अदब भरपूर मिळते, पण तिथे ‘बास’ म्हणण्याइतकं आपलं कोणी नसतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला मान देणारी अशी जागा प्रत्येक वस्तीत असायला हवी.