यलोस्टोनच्या वेशीवरचा हिशेब

अमेरिकेतील वेस्ट यलोस्टोन गावाहून ओल्ड फेथफुल हा उष्णोदकाचा फवारा सुमारे ४८ किलोमीटर. हिवाळ्यात ही वाट बर्फाखाली जाते व हिमवाहने धावू लागतात. पूर्वीची टू-स्ट्रोक वाहने पेट्रोलबरोबर तेलही जाळीत. त्यांच्या निळसर धुरामुळे उद्यानाच्या प्रवेशद्वारावरील रक्षकांच्या खोलीत बाहेरून शुद्ध हवा सोडावी लागे. आता धूर व आवाज यांची मर्यादा पाळणाऱ्या वाहनांनाच आत प्रवेश आहे.

वाहने भाड्याने देणाऱ्याने मग नवे फोर-स्ट्रोक घ्यावे काय? ते महाग, शिवाय जड. डोंगरातील भुसभुशीत बर्फात रुतण्याचे भय अधिक. उद्यानाचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, म्हणजे नऊ महिने भांडवल झाकून ठेवायचे! उद्यानाबाहेरच्या उतारांवर जुने हलके वाहनच सोयीचे. परंतु बहुतेक गिऱ्हाईक येते ते ओल्ड फेथफुलसाठी, आणि जुने वाहन प्रवेशद्वारापाशीच अडते.