फुरसुंगीच्या पोराने मनोरीला दिलेली हिंमत

कुठली गोष्ट कुठे घडवायची, हे लेखकाच्या हाती असते. भास्कर रामचंद्र भागवतांनी आपल्या नायकाला पुण्याजवळच्या फुरसुंगीचा रहिवासी केले, याबद्दल मी जन्मभर त्यांच्या ऋणात आहे. राजवाडा नको, परीचे बेट नको; फुरसुंगी! तिथला बनेश फेणे नावाचा काटकुळा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो, सायकलवर टांग टाकतो आणि थेट संकटाच्या तोंडी जाऊन उभा राहतो. ते वाचले आणि वाटले, फुरसुंगीत हे घडत असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मनोरीत का घडू नये?

मनोरीत घडण्यासारखे पुष्कळ आहे. मार्व्याहून फेरीबोट सुटली की मधे खाडी. बोट नको असेल तर भाईंदरवरून लांबचा वळसा. ओहोटीला किनारा मैलभर मागे सरकल्यासारखा वाटतो, तिवरांच्या मुळांत चिखल उघडा पडतो आणि त्यात खेकड्यांची लगबग सुरू होते. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात, होड्या वाळूवर कलंडून भरतीची वाट पाहतात. शहर समोर दिसते, पण मधले पाणी त्याला अदबीने दूर ठेवते. साहसकथेला लागणारे सगळे सामान इथे तयार आहे. ते सामान आहे, हे मला मात्र भागवतांमुळे दिसले. त्याआधी तो नुसता चिखल होता.

31 मे 1910 रोजी इंदूरला जन्मलेला हा माणूस आकाशवाणीत रमला, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला, ‘बालमित्र’ नावाचे मासिक त्याने चालवले. त्याच्या पत्नी लीलावतीबाई भागवतही मुलांसाठी लिहिणाऱ्या. त्या घरात मूल हा गंभीरपणे घेण्याचा विषय होता. भागवतांची लेखणी दोन दिशांनी धावली. एकीकडे त्यांनी दूरचे जवळ आणले. ज्यूल व्हर्नच्या अचाट सफरी त्यांनी अशा मराठीत उतरवल्या की चंद्रावरची स्वारी दिवाळीच्या सुट्टीतली सहल वाटावी. लुई कॅरलची आलिस त्यांच्या ‘जाईची नवलकहाणी’मध्ये जाई होऊन मराठी अंगणात बागडली. दुसरीकडे जवळचे त्यांनी दूरवर नेले. फेणे प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला, आणि गेला तिथे आपली फुरसुंगी सोबत घेऊन गेला. तोंडातून ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा हा पोरगा पुढे वीस पुस्तके धावत राहिला.

त्या पुस्तकांतली वाक्ये आठवून पाहावीत. ती दम लागलेल्या पोरासारखी येतात. प्रसंग सुरू होतो तोच मुळी मधून. वर्णन लांबू लागले की कुणीतरी पळत सुटते. मराठी मुलांच्या वाट्याला तोवर उपदेश भरपूर आला होता. भागवतांनी तात्पर्य शेवटी चिकटवण्याऐवजी धैर्य, मैत्री आणि चौकसपणा धावण्यातच घातला. मोठी माणसे या गोष्टींत असतात, प्रेमळही असतात. पण निर्णय पोरगा घेतो. मुलांवर इतका भरवसा टाकणे सोपे नाही. त्यासाठी लेखकाला स्वतःचे मोठेपण बाजूला ठेवावे लागते.

इंग्लंडमध्ये असा भरवसा आर्थर रॅन्समने टाकला होता. 1884 साली लीड्समध्ये जन्मलेला हा पत्रकार क्रांतीच्या काळातला रशिया पाहून आला आणि मायदेशी परतल्यावर सरोवरांच्या प्रदेशात रमला. 1930 साली आलेल्या त्याच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’मध्ये भावंडे शिडाची होडी घेऊन बेटावर एकटी राहायला जातात, परदेशी असलेले आरमारी वडील तारेने परवानगी धाडतात. त्या मालिकेत बारा पुस्तके झाली आणि 1936 सालचे पहिले कार्नेगी पदक त्यातल्याच ‘पिजन पोस्ट’ला मिळाले. रॅन्समची पोरे दोर बांधतात, वारा ओळखतात, चूल पेटवतात. ते वाचताना मला आमच्या कोळीवाड्यातली पोरे आठवतात. भरती केव्हा लागेल हे त्यांना घड्याळ न बघता कळते, डोलजाळ्याची गाठ हाताला आपोआप येते. रॅन्समच्या मुलांची सुट्टीतली मौज, ती आमच्याकडच्या पोरांची रोजची विद्या. तिचे मोल जाणणारी कादंबरी मात्र त्यांच्या हाती पडायला हवी.

भागवत 27 ऑक्टोबर 2001 रोजी गेले. दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता. 2017 साली अमेय वाघ पडद्यावर फेणे होऊन आला आणि त्याच चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. लेखक आपल्याच नायकाच्या गोष्टीत सामील झाला. बालसाहित्यिकाचा याहून चांगला गौरव मला सुचत नाही.

तरीही एक मागणे उरतेच. फुरसुंगीला मिळाला तसा लेखक प्रत्येक गावाला मिळावा. मनोरीच्या ईस्ट इंडियन आणि कोळी पोरांच्या बोलीत, त्यांच्या खाडीवर, त्यांच्या होडीत घडणारी रहस्यकथा कुणीतरी लिहावी. तिच्यात भरतीची वेळ अचूक असावी, चिखलाचा वास खरा असावा आणि शेवटचा निर्णय दहा-बारा वर्षांच्या पोरीने घ्यावा. आपले गाव छापील पानावर पाहिलेले मूल त्या गावाकडे आदराने पाहू लागते, आणि स्वतःकडेही. भागवतांनी हे एका फुरसुंगीकराला घेऊन करून दाखवले. पुढची पुस्तके आपण लिहायची आहेत.