दोन नोंदवह्या

आपल्या धर्मग्रामात लग्न लागले की त्याची साक्ष सारा गाव देतो. मांडवात राबलेले हात, वरातीत वाजलेला बँड, जेवणाच्या पंगती हे सारे वर्षानुवर्षे लोकांच्या स्मरणात राहते. त्यामुळे विवाह कागदावर सिद्ध करावा लागतो, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही. पोटापाण्यासाठी आखातात वा युरोपात गेलेल्या आपल्या मुलामुलींना मात्र तो पहिल्याच पावलाला भेटतो. पत्नीचा व्हिसा असो वा बाळाच्या जन्माची नोंद, विवाहाचा दाखला आधी मागितला जातो.

मायदेशी हा प्रश्न जाणवत नाही याला कारण आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने कॅथलिक धर्मगुरूने लावलेल्या विवाहाला मान्यता दिली आहे आणि त्या नोंदींचे उतारे दर तिमाहीस सरकारी निबंधकाकडे पाठविण्याची तरतूद केली आहे. वधूवर एकाच वेळी सह्या करतात; देवाघरचे आणि सरकारदरबारचे काम एकाच हाताने पार पडते.

सीमा ओलांडली की हे दोन प्रवाह वेगळे होतात. फ्रान्समध्ये १७९२ पासून कायदा ओळखतो तो नागरी विवाह. चर्चमधील विधी त्यानंतर. इटलीत १९२९ च्या लॅटरन करारापासून चर्चमधील विवाहाची नोंद सरकारी दप्तरी उतरली की तो कायद्यानेही वैध ठरतो. अबुधाबीने २०२१ साली बिगरमुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून संयुक्त अरब अमिरातीत त्याच धर्तीचा संघीय कायदा लागू झाला. आपल्या १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार, दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल व त्या देशाच्या कायद्याची आडकाठी नसेल, तर दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोरही विवाह करता येतो. निदान एकाचे तेथे तीस दिवसांचे वास्तव्य, आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार अशी त्याची रीत आहे. वेदीवरून होणाऱ्या विवाहाच्या घोषणा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

काही वर्षांपूर्वी आखातात परिचारिका असलेली एक तरुणी पतीसह बाळाच्या स्नानसंस्कारासाठी माझ्याकडे आली. दोघेही कॅथलिक. विवाह तेथील सरकारी कचेरीत झालेला. चर्चचे गावी जाऊन करू म्हणता म्हणता तीन वर्षे लोटली होती. मी स्थिती समजावून सांगितली तेव्हा तो तरुण दुखावून म्हणाला, “फादर, सरकार मानते ते लग्न देव मानत नाही का?”

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “तुमच्या निष्ठेविषयी मला शंका नाही आणि सरकारी दाखला जपूनच ठेवा. परंतु कॅथलिक व्यक्तीने आपली संमती धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर द्यावी, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो घातला तो गुपचूप विवाहांमुळे. एकांतात वचन द्यायचे आणि पुढे नाकारायचे, असे प्रकार होत. विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडकही तेव्हाचाच.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग तीच म्हणाली, “म्हणजे हा नियम माझ्यासारखीसाठीच झाला म्हणायचा!” त्या सुट्टीतच एका साध्या संध्याकाळी, घरच्या मोजक्या माणसांसमोर त्यांनी पुन्हा संमती दिली. तिच्या सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या.

याउलट, चर्चमध्ये थाटाने लग्न करून परदेशी गेलेल्या, पण हाती कायदेशीर कागद नसलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. नवऱ्याने पाठ फिरविली की लग्नाचा आल्बम कोणत्याही कोर्टात पुरेसा बोलत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या नागरिकांचे विवाह सक्तीने नोंदवावेत असा निर्देश दिला, त्यामागे हीच व्यथा होती.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलांना पाठविण्यापूर्वी स्नानसंस्काराचा दाखला व पासपोर्ट शेजारी ठेवून पाहा. आपल्या पोर्तुगीज आडनावांचे स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे असते आणि एका अक्षरापायी महिनोन्महिने अडतात. अविवाहित असल्याचा दाखला आमच्याकडून वेळेवर घ्या. चर्चमधील विवाहाला तो देश मान्यता देतो की नाही, हे तारीख ठरविण्यापूर्वी विचारा. तेथे विवाहसंस्कार झाला की त्याची सूचना स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाकडे आली पाहिजे; ती आली की नाही, याची चौकशी करा.

मरिया आणि योसेफ हेही नावे नोंदविण्यासाठीच नाझरेथहून बेथलेहेमला निघाले होते. त्या बाईचे दिवस भरलेले होते, वाट लांबची होती आणि हुकूम परक्या सम्राटाचा होता. तरी ती दोघे गेली. परक्या देशात, परक्या भाषेतला अर्ज हाती घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आपल्या लेकरांसाठी रोजच्या रोझरीत एक दशक अवश्य वाहा.