हयातीपुरता हक्क

चि. बाळ,


दादाच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा तू पाठवलास, तो नीट वाचला. राहतं घर वहिनीकडे तहहयात, तिच्यामागे संस्थेला. तुम्हां दोघा भावंडांची काही हरकत नाही, हे ऐकून बरं वाटलं. तरी फोनवर मी लगेच ‘छान’ म्हणाले नाही, ते तुझ्या बरोबर लक्षात आलं. कारण लांबलचक आहे, म्हणून पत्र. आणि तुझं ऑफिस लंडनच्या बिशप्सगेटला, तेव्हा उदाहरणही तिथलंच देते.

रॉयल एक्स्चेंजच्या माथ्यावर तो सोनेरी नाकतोडा आहे ना, ते सर थॉमस ग्रेशॅमच्या घराण्याचं चिन्ह. ट्यूडर काळातला लंडनचा बडा व्यापारी. मर्सर्स कंपनीचा, म्हणजे कापडवाल्यांच्या महाजनाचा सभासद. बाप लंडनचा महापौर होऊन गेलेला. सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या तिघांसाठी यानं अँटवर्पच्या बाजारात कर्जं उभी केली. त्यात स्वतःचं भलं करून घ्यायलाही विसरला नाही.

१५४४ मध्ये त्यानं ॲन फर्नली हिच्याशी लग्न केलं. ती एका मर्सर व्यापाऱ्याची विधवा, पहिल्या घरचे मुलगे पदरात. दोघांना झालेला एकच मुलगा, रिचर्ड, १५६४ मध्ये गेला. शिवाय ग्रेशॅमला लग्नाबाहेरची एक मुलगी होती, तिचंही नाव ॲनच. घरात दोन ॲन, एक बायको आणि एक ही लेक! १५६९ मध्ये तिचं लग्न राणीचे मोठे मंत्री सर निकोलस बेकन यांच्या मुलाशी, नॅथॅनिएलशी, लावून दिलं आणि नॉरफोकमधली जमीन त्याच वेळी तिच्या नावे केली. ही वाटणी मृत्युपत्रासाठी थांबली नाही, हे ध्यानात ठेव. अनौरस मुलीला मृत्युपत्रात कितीही लिहिलं असतं तरी नातेवाइकांनी ते कोर्टात ओढलं असतं. लग्नात दिलं, विषय संपला. माझ्या मते त्याच्या साऱ्या वाटणीत सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच.

मुलगा गेला आणि पुढच्याच वर्षी त्यानं शहराला प्रस्ताव दिला: जागा तुम्ही द्या, व्यापाऱ्यांना बसायला-उठायला इमारत मी बांधतो. तोवर लंडनचे व्यापारी लोम्बार्ड स्ट्रीटवर पावसात उभं राहून सौदे करत. नागरिकांनी वर्गणी काढून साडेतीन हजार पौंडांच्या वर जमवले, घरं विकत घेऊन पाडली, जागा मोकळी करून दिली. २३ जानेवारी १५७१ रोजी एलिझाबेथ आली आणि ‘रॉयल’ हे नाव देऊन गेली. त्याआधीची गंमत जॉन स्टो या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. वरच्या मजल्यावरची दुकानं बरीचशी ओस होती. ग्रेशॅम स्वतः वर चढून मोजक्या दुकानदारांना सांगत फिरला, की जमतील तेवढी दुकानं मालानं भरा, मेणबत्त्या लावा, या वर्षाचं भाडं माफ. राणी बघून गेली, नाव झालं. मग चाळीस शिलिंगांचं भाडं थोड्याच वर्षांत साडेचार पौंडांवर गेलं. मराठीत याला काय म्हणतात ते तुला सांगायला नको.

आता मृत्युपत्र. शहरांच्या जुन्या वहिवाटी सोडल्या तर इंग्लंडात जमिनीचं मृत्युपत्र करायची मुभाच मुळी १५४० च्या कायद्यानं मिळालेली. रोकड, माल, भांडीकुंडी यांना लंडनची वहिवाट लागू: एक तृतीयांश विधवेचा, एक मुलांचा, उरलेला एक मेलेल्याच्या मर्जीचा. औरस मूल हयात नसेल तर निम्मं बायकोचं. ग्रेशॅमनं जुलै १५७५ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन कागद केले, आधी मालमत्तेचा, मग जमिनींचा. वर्षाला २,३०० पौंडांहून जास्त उत्पन्नाची इस्टेट मुख्यतः बायकोकडे गेली. बिशप्सगेटचा राहता वाडा आणि एक्स्चेंजही तिलाच, पण फक्त हयातीपुरतं. ती गेल्यावर एक्स्चेंजचा निम्मा हिस्सा लंडन शहराला, निम्मा मर्सर्स कंपनीला. आणि वाड्यात व्याख्यानं सुरू करायची.

काय काय करायचं ते त्यानं दिडकी-दिडकीचा हिशोब करून लिहिलं. धर्मशास्त्र, खगोल, संगीत, भूमिती, कायदा, वैद्यक आणि वक्तृत्व असे सात व्याख्याते, प्रत्येकाला वर्षाला ५० पौंड. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या राजेशाही प्राध्यापकांना तेव्हा ४० मिळत. आठ गरीब म्हाताऱ्यांना प्रत्येकी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. पाच तुरुंगांतल्या कैद्यांसाठी आणि इस्पितळं-अनाथालयांसाठी ५०-५० पौंड. आणि मर्सर्सच्या दर तिमाहीच्या जेवणावळींसाठी तब्बल १०० पौंड! बेरीज ६०३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. एक्स्चेंजचं भाडं सातशेच्या वर येई, म्हणजे संस्थांच्या हाती फारसं उरू नये असाच बेत. वर बजावलं, की यात कसूर झाली तर दोन्ही संस्था देवापुढे दोषी ठरतील. व्याख्याता अविवाहितच हवा, अशीही अट.

इतका बारकावा. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, दोन संस्थांच्या हिशोबात अडकलेली, बायको.

२१ नोव्हेंबर १५७९, शनिवार. संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान एक्स्चेंजमधून घरी आला, स्वयंपाकघरात कोसळला, उचलला तेव्हा वाचा गेलेली, आणि लगेच संपला. आपल्या समाधीनं शेजारच्या सेंट हेलेन्स चर्चची बरीच जागा अडवली, त्याची भरपाई म्हणून शिखर बांधून देतो म्हणाला होता. ते राहूनच गेलं. कर्जं मात्र मागे राहिली. ती कशी फेडायची आणि मृत्युपत्र कसं पार पाडायचं यावर लेडी ग्रेशॅम आणि पुतणीचा नवरा सर हेन्री नेव्हिल यांच्यात समझोता झाला, आणि तो पक्का करायला १५८१ मध्ये पार्लमेंटचा कायदा करावा लागला. बायकोच्या रक्ताच्या नात्यानं नेव्हिलकडे हक्क, लग्नाच्या नात्यानं लेडी ग्रेशॅमकडे ताबा. दोघांचीही बाजू खरी होती.

पुढची सतरा वर्षं ती एक्स्चेंजची मालकीण होती आणि नव्हतीही. दुकानं लांब मुदतीच्या पट्ट्यानं देता यावीत म्हणून ती पार्लमेंटमध्ये गेली, तर शहरानं आणि मर्सर्सनी विरोध केला: आमच्या वाट्याला रिकामी पोती येतील. इतिहास लिहिणाऱ्यांनी तिला हावरट ठरवून टाकलं. मला ते पटत नाही. दुरुस्ती तिनं करायची, भाडेकरूंची कटकट तिनं सोसायची, आणि ज्या इमारतीच्या भविष्यात तिचं काहीच नाही तिच्या भविष्याची काळजी मात्र तिनं वाहायची, असा तो करार होता. आणि तिला विचारलं कुणी होतं?

ती १५९६ मध्ये गेली. व्याख्यानं १५९७ मध्ये सुरू व्हायची ठरली. संगीताचा पहिला प्राध्यापक जॉन बुल वाड्यावर पोचला, तर त्याच्या खोल्यांत लेडी ग्रेशॅमचा पहिल्या घरचा मुलगा विल्यम रीड अजून ठाण मांडून बसलेला. बुलनं सरळ गवंडी आणून भिंत फोडली. प्रकरण स्टार चेंबर कोर्टात गेलं. (याच बुलला दहा वर्षांनी लग्न केलं म्हणून नोकरी सोडावी लागली, ते वेगळंच.) म्हणजे बघ, देवाची भीती घातलेल्या मृत्युपत्राचा ताबा शेवटी मिळाला तो पहारीनं.

संस्था मात्र टिकली. १६६० मध्ये क्रिस्टोफर रेनचं व्याख्यान संपल्यावर जमलेल्या मंडळींनी पुढे जिची रॉयल सोसायटी झाली ती सभा याच वाड्यात भरवली. ग्रेशॅम कॉलेजची व्याख्यानं आजही फुकट असतात. एकदा जाऊन ये.

तेव्हा दादाचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. प्रश्न ‘तहहयात’ या एका शब्दाचा. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम १४ आहे. त्याचं पहिलं पोटकलम बाईला पूर्ण मालकी देतं. दुसरं म्हणतं, मृत्युपत्रानं मर्यादित दिलं असेल तर मर्यादितच. मग १९७७ च्या तुलसम्मा निकालानं सांगितलं, की पोटगीच्या जुन्या हक्कापोटी मिळालं असेल तर बाईचा हक्क पूर्णच होतो. कुठलं केव्हा लागू, यावर आजही वर्षानुवर्षं दावे चालतात. मी कोर्टात अशा दाव्यांत दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. उद्या सोसायटी पुनर्विकासाला गेली, तर करारावर सही कुणाची? वहिनीची एकटीची चालणार नाही असं बिल्डर म्हणेल, संस्था म्हणेल आमची आत्ता कशी देऊ, आणि वहिनी ऐंशीच्या घरात वकिलाकडे हेलपाटे घालेल. दुरुस्तीचा खर्च, मालमत्ता कर, हेही त्या मसुद्यात कुठे नाही. नॉमिनीचा फॉर्म भरलाय म्हणून दादा निर्धास्त आहे, तेही चूक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

दादाला सांग, दोनपैकी एक कर. घर वहिनीला पूर्ण मालकीनं दे. संस्थेला द्यायचं की नाही ते पुढे तीच ठरवेल, तिच्या मनात तुझ्या बापाइतकंच आहे. नाहीतर संस्थेला काय द्यायचं ते आत्ता, हयातीत, रोख दे. मधला रस्ता नको. आणि मसुदा आधी वहिनीला वाचून दाखव. तिनं तो अजून पाहिलेलाच नाही, हे तूच मला सांगितलंस.

तुझी,
आत्या